यंत्र एकदा, वर्गणी नेहमी

गेम कन्सोल घ्यावा की घेऊ नये, आणि घेतलाच तर त्याच्या ऑनलाइन सेवेचे सदस्यत्वही घ्यावे का, हा प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरांना आता नवा राहिलेला नाही. उसाचे बिल जमा झाले की, दिवाळीचा बोनस हाती आला की, किंवा दहावीचा निकाल लागला की तो एखाद्या संध्याकाळी जेवताना निघतो. त्यावरची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते : पैसे किती लागतील, आणि मुलाचा अभ्यास बुडेल का. दोन्ही शंका रास्त आहेत; पण त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते, असे आम्हांला वाटते. या एका खरेदीत दोन निराळ्या स्वभावाच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. कन्सोल ही वस्तू आहे. ती एकदा घ्यायची असते. ऑनलाइन सेवा ही वर्गणी आहे. ती देत राहायची असते. वस्तू पारखण्याचे शहाणपण आपल्या घरांत पुष्कळ साठलेले आहे. वर्गणी पारखण्याचेही आहे. मात्र ते कधी एकत्र मांडले गेलेले नाही. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांपुरता असा एक छोटा इतिहास मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण उघड आहे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशा संस्थानांचे तुकडे या भूमीत एकमेकांत गुंतलेले होते. त्यामुळे येथील गावगाड्याचा, कारखान्यांचा आणि वाचनालयांचा इतिहास आजच्या जिल्ह्याच्या रेषेने कापता येत नाही.

बलुते

वर्गणीची सर्वांत जुनी ओळख या भागाला झाली ती बलुत्याच्या रूपाने. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे ती व्यवस्था मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. शेतकऱ्याचा नांगर त्याचा स्वतःचा असे. पण तो घडवणे आणि दुरुस्त ठेवणे हे काम सुताराचे, आणि फाळाचे काम लोहाराचे. त्याबद्दल प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागत नसत. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा दिला जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर यंत्र मालकीचे आणि सेवा वार्षिक वर्गणीवर. म्हणजे कन्सोलच्या विक्रेत्याने जी रचना नवी म्हणून आपल्यासमोर ठेवली आहे, तिचा सांगाडा आपल्या खळ्यावर शतकानुशतके उभा होता.

सांगाडा तोच असला तरी आत फरक आहे. बलुत्याचा दर गावच्या रिवाजाने बांधलेला असे आणि एका बाजूने तो बदलणे अवघड असे. सुतार वतनदार होता. त्याला गावाने सहज काढता येत नसे, आणि त्यालाही मन मानेल तेव्हा सेवा बंद करून निघून जाणे शक्य नव्हते.

येथे कोणी गावगाड्याचे गोडवे गाऊ लागेल तर त्याला थांबवले पाहिजे. हीच बांधिलकी खालच्या मानलेल्या जातींसाठी बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०० साली सातारा येथील हायस्कुलात दाखल झाले. याच आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महारकीच्या वतनातून मिळणारा मोबदला तुटपुंजा आणि राबणूक मात्र अमर्याद, हे त्यांच्या टीकेचे सार होते. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली. वर्गणीच्या नात्यात कोण कोणाला सोडून जाऊ शकतो, हा प्रश्न म्हणून पहिल्यापासूनच महत्त्वाचा आहे. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याची वर्गणी ही वेठ होते.

नांगर आणि मासिक

यानंतरची मोठी घटना म्हणजे लोखंडी नांगर. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, आणि लोखंडाने जमीन बिघडते ही समजूत त्याला कारण होती, असे त्यांच्या उद्योगाच्या इतिहासात सांगितले जाते.

ही समजूत आज हास्यास्पद वाटते. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर तिच्यामागे एक व्यावहारिक भीतीही असू शकेल. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. हा नांगर मोडला तर कोणाकडे जायचे? नव्या नांगराबरोबर शेतकऱ्याचे नाते गावातल्या माणसाकडून दूरच्या कारखान्याकडे जात होते, आणि धान्याच्या जागी रोकड येत होती. लोखंड जमिनीला बाधते की नाही हे एका हंगामात कळण्यासारखे होते. कारखाना आपल्याला बांधील राहील की नाही हे कळायला वेळ लागणार होता.

किर्लोस्करांनी ही दरी ओलांडण्यासाठी जे केले, त्यातील एक गोष्ट मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला विशेष जवळची वाटावी. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून जन्मलेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. अवजारे विकणाऱ्या वाडीतून मराठी मध्यमवर्गाची वैचारिक मासिके निघावीत, हा योगायोग नाही. वस्तू एकदा विकून गिऱ्हाइकाशी नाते टिकत नाही. दर महिन्याला घरात काहीतरी गेले पाहिजे, हे त्या उद्योजकांनी ओळखले होते.

या वर्गणीचा एक गुण मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. मासिकाची वर्गणी संपली तरी आलेले अंक घरातच राहत. कोणी ते बांधून ठेवी, कोणी शेजारी वाचायला देई, कोणी वाचनालयाला भेट देई. वर्गणीदाराने पुढचे पैसे दिले नाहीत म्हणून मागच्या वर्षीचा अंक कोरा होत नसे. ही गोष्ट त्या काळी इतकी स्वाभाविक होती की ती कोणी मुद्दाम नोंदवलीही नसेल. आज ती नोंदवावी लागते.

रेडिओचे लायसन

रेडिओने तिसऱ्या प्रकारची वर्गणी आणली. १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्यानुसार रेडिओ संच बाळगण्यासाठी परवाना लागे, आणि त्याचे वार्षिक शुल्क पोस्टात भरावे लागे. संच दुकानातून घेतलेला, पैसे पुरते फेडलेले, तरी तो घरात ठेवण्याबद्दल सरकारला दरवर्षी देणे होतेच. १९८० च्या दशकात ही पद्धत संपली. तोवर सातारा-सांगलीतल्या कितीएक कपाटांतून लायसनची पुस्तके जपून ठेवलेली असत. १९६३ साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि संच घेण्याचे एक कारण वाढले. आपल्या बोलीतला, आपल्या पिकांविषयीचा मजकूर आता हाकेच्या अंतरावरून येऊ लागला.

ज्यांना स्वतःचा संच घेणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी निराळा मार्गही चाचपून पाहण्यात आला होता. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीच्या परिसरातील सुमारे दीडशे मराठी खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी त्याची रीत होती. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाचा अभ्यास करून त्यावर लिहिले, आणि विकाससंवादाच्या अभ्यासात तो आजही उल्लेखिला जातो. आमच्यापुरता त्याचा अर्थ असा की यंत्र घरोघर असलेच पाहिजे, ही त्या पिढीची अपरिहार्य कल्पना नव्हती. एका संचाभोवती वीस माणसे बसू शकतात, आणि ऐकून झाल्यावर आपसांत बोलूही शकतात.

समोर बसणारा माणूस

आता खेळाकडे येऊ. कोणत्याही खेळाला दोन गोष्टी लागतात : साधन आणि सोबती. कन्सोल हे साधन झाले. ऑनलाइन सेवा प्रामुख्याने विकते तो सोबती. पलीकडे बसलेला, आपल्या तोडीचा, आपल्याला हव्या त्या वेळी उपलब्ध असलेला खेळाडू. या दृष्टीने पाहिले की सातारा-सांगलीच्या खेळसंस्थांचा इतिहास एकदम आपल्या विषयात येतो. कारण सोबती पुरवणे हेच त्यांचे काम होते.

सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ हे त्याचे उत्तम उदाहरण. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते स्थापन केले, आणि पुढे अनेक दशके सांगली हे नाव बुद्धिबळाच्या स्पर्धांशी जोडले गेले. बुद्धिबळाच्या पटाला आणि सोंगट्यांना फारसा खर्च नाही. पण नुसता पट घरात आणून खेळ येत नाही. आपल्याहून थोडा बरा खेळणारा माणूस रोज समोर बसला तरच येतो. मंडळाने पुरवला तो हा माणूस. बाहेरगावाहून खेळाडू येऊन स्पर्धा भरत, नवख्याला जाणत्याशी खेळायला मिळे.

तालमीचेही तेच. माती, हौद, लाल लंगोट ही साधने स्वस्तच. मोलाचा होता तो जोडीचा पैलवान आणि वस्ताद. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या प्रवासाचा खर्च लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण ठेवले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. येथे वर्गणी देणारे स्वतः खेळत नव्हते. आपल्यातला एक जण जगाशी खेळावा म्हणून ते देत होते.

तथापि बलुत्याच्या बाबतीत दिलेला इशारा येथेही लागू आहे. तालीम मुलींची नव्हती. चावडी आणि पार सर्वांना सारखे खुले नव्हते. मंडळ शहरात होते. जत किंवा माण तालुक्यातल्या खेड्यातल्या मुलापर्यंत ते पोहोचत नव्हते. सोबती पुरवणाऱ्या जुन्या संस्था ज्यांना आत घेत त्यांना खूप काही देत. ज्यांना घेत नसत त्यांच्यासाठी त्या नसल्यासारख्याच होत्या.

कॅसेटपासून सर्व्हरपर्यंत

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरांत आला तो १९९० च्या दशकात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला तेव्हा भारतभर विकल्या जात. त्यात खेळाचे कार्ट्रिज घालावे लागे. आपल्याकडे त्याला सरसकट कॅसेट म्हणत. कॅसेट मित्राला देता येई, त्याची आपण आणता येई, कंटाळा आला की बदलून घेता येई. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते बाजारपेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये वेळेच्या हिशेबाने पैसे देत. या सगळ्या काळात वर्गणी नावाची गोष्टच नव्हती. सोबती शेजारचा, आणि एका सतरंजीवर बसलेला.

अधिकृत कन्सोलचा काळ यानंतरचा. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आले. त्याच्या दोन प्रकारांच्या किमती १९,९९० आणि २३,९९० रुपये होत्या. सोनीचे प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आले. ऑनलाइन खेळण्याची सोय या यंत्रांत होती. पण बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि सरकारी धोरणाने ब्रॉडबँड म्हणून मानलेला किमान वेग होता २५६ केबीपीएस. त्यात भर म्हणजे भारनियमन. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कितीतरी तास वीज नसे, आणि महिन्याची वर्गणी मात्र अंधारातही संपत जाई. त्या वर्षांत येथल्या एखाद्या घराने यंत्र घेतले आणि सेवा नाकारली असेल, तर तो निर्णय अगदी शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

पुढच्या दशकात अडचणी हटल्या आणि अटी वाढल्या. प्लेस्टेशन ३ वर इतरांशी ऑनलाइन खेळणे विनामूल्य होते. २०१३ साली निघालेल्या प्लेस्टेशन ४ पासून बहुतेक विकतच्या खेळांसाठी सशुल्क सदस्यत्व लागू लागले. जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि डिस्क घालण्याची सोय नसलेला प्रकार ३९,९९० रुपयांना होता. स्वस्त प्रकारातले दहा हजार कशाचे वाचतात, हे येथे नीट पाहावे. ज्या यंत्राला डिस्क लागत नाही त्याला मित्राकडून खेळ आणता येत नाही, जुना विकत घेता येत नाही आणि आपला विकताही येत नाही. १९९० च्या दशकातला कॅसेटचा सगळा देवघेवीचा व्यवहार त्या दहा हजारांत आपण सोडून देतो.

सदस्यत्वाचा हिशेबही करून पाहू. २०२२ साली प्लेस्टेशन प्लसची भारतातील वार्षिक वर्गणी सर्वांत साध्या प्रकारासाठी २,९९९ रुपये आणि वरच्या प्रकारासाठी ५,७४९ रुपये होती. यंत्र सहा वर्षे चालले असे धरले तर त्या दराने पहिली रक्कम १७,९९४ होते आणि दुसरी ३४,४९४. पण हा हिशेबही कच्चाच, कारण पुढच्याच वर्षी, २०२३ साली, वार्षिक दर वाढवण्यात आले. बलुत्याचा दर रिवाजाने बांधलेला असे, वाचनालयाची वर्गणी सभासदांच्या सभेत वाढे. येथे दर ठरवणारा एक आणि देणारे कोट्यवधी. त्यांची सभा कोठेच भरत नाही.

वर्गणी थांबल्यावर

आता मूळ प्रश्न. वर्गणी थांबली की घरात काय उरते? बलुते थांबले तरी नांगर उरे. मासिक थांबले तरी अंक उरत. वाचनालयाचे सभासदत्व सोडले तर पुस्तक परत करावे लागे, पण अनामत परत मिळे, आणि ते पुस्तक गावातच दुसऱ्या कोणाच्या हाती जाई. ऑनलाइन सेवेच्या सदस्यत्वातून दरमहा मिळणारे खेळ मात्र सदस्यत्व चालू असेपर्यंतच खेळता येतात. यंत्र आपले, साठवण आपली, खेळ त्यात उतरवलेला. तरी तो उघडत नाही.

याहून पुढची अवस्था म्हणजे सेवाच बंद होणे. मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१० मध्ये बंद झाली. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ तर एकट्याने खेळायचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच चाले. मार्च २०२४ च्या अखेरीस सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत देऊन डिस्क घेतलेल्यांच्या हातात नुसती चकती राहिली. त्यातून ग्राहकांची आंतरराष्ट्रीय चळवळ उभी राहिली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार, आपण प्रत्यक्षात परवाना देतो आहोत हे स्पष्ट न सांगता अशी डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकण्यास विक्रेत्याला बंदी झाली. एका क्रियापदाच्या अर्थासाठी कायदा करावा लागावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

यावर कोणी म्हणेल, कागद तरी कोठे अमर आहे? हा आक्षेप सांगलीत बसून तर अगदी जिवंत वाटतो. १८६९ साली स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात भिजून नष्ट झाली. संस्थेचे ते दीडशेवे वर्ष होते. पण तेथे बुडाली ती एका ठिकाणची प्रत. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रती साताऱ्यात, पुण्यात, कोणाच्या तरी माळ्यावर असू शकतात, आणि त्यांतून वाचनालय पुन्हा भरता येते. सर्व्हरवरचा खेळ कंपनीने बंद केला की तो एकाच वेळी जगभर बंद होतो. आजच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे कथाविश्व मोठ्या प्रमाणात या खेळांत आहे. चाळीस वर्षांनी या पिढीच्या कल्पनाविश्वाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ‘किर्लोस्कर’चे अंक सापडतील, पण ज्या खेळात त्या मुलांनी संध्याकाळी घालवल्या तो उघडून पाहता येणार नाही, ही शक्यता आम्हांला अस्वस्थ करते.

सेवेच्या बाजूने

तरीही सेवा घेऊच नये असा निष्कर्ष येथून निघत नाही. सोबत्याचा मुद्दा पुन्हा आठवावा. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. चुलतभाऊ एक तमिळनाडूत, एक उत्तर प्रदेशात, आणि एक आजीजवळ विट्याला, ही त्या भागातली नेहमीची गोष्ट आहे. गावच्या जत्रेला वर्षातून एकदा भेटणाऱ्या या मुलांना एकाच खेळात रोज अर्धा तास भेटता येत असेल, तर त्या वर्गणीला केवळ करमणुकीचा खर्च म्हणता येणार नाही. ज्या मुलीला तालमीची पायरी चढता आली नाही तिला येथे कोणी अडवत नाही. खेळताना समोरचा जात विचारत नाही. तो आडनावाऐवजी टोपणनावाने ओळखतो. गावगाड्याच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही.

मात्र या सोबतीची परतफेड कशी होते तेही पाहावे. मंडळातला जाणता खेळाडू आज शिकवी, उद्या शिकलेला दुसऱ्याला शिकवी, आणि मंडळ गावाचे राही. ऑनलाइन सेवेत सोबती जमवतात ते आपणच. दहा मित्र सदस्य झाले म्हणून अकरावा होतो. पण त्या दहांनी मिळून उभे केलेले जे काही असते त्यावर त्यांचा हक्क नसतो.

भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली जे केले, ते या इतिहासातले अगदी अलीकडचे आणि बोलके पान आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेली, आणि शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही मुलांचा मोबाइल सुटेना. तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, महिलांची ग्रामसभा भरली आणि तिने एक यंत्र विकत घ्यायचे ठरवले : भोंगा. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरून तो वाजायचा, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद व्हायचे, आणि साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून पाहत होते.

वृत्तपत्रांनी या घटनेकडे मोबाइलविरोधी मोहीम म्हणून पाहिले. आम्हांला तिच्यात दुसरे काही दिसते. गावाने कोणाचे यंत्र जप्त केले नाही, कोणाला खरेदीपासून अडवले नाही. गावाने फक्त तास ठरवला. तोही घराघरात आई आणि मुलगा यांच्या भांडणात न ठरवता सभेत ठरवला, जेणेकरून आपला मित्र आत्ता खेळतो आहे आणि आपणच मागे पडतो आहोत, हे मुलाचे सर्वांत मोठे दुःख नाहीसे व्हावे. १९३९ साली औंध संस्थानाने राज्यकारभार पंचायतींच्या हाती देणारी घटना केली होती. आपल्या दैनंदिन आयुष्याचा निर्णय आपण एकत्र बसून घेऊ शकतो, ही जाण या परिसराला नवी नाही.

हा सगळा इतिहास नजरेसमोर ठेवला तर कन्सोलच्या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळणार नाही. पण घरात विचारायचे प्रश्न बदलतील. आमच्या मते प्रश्न चार आहेत. पलीकडे खेळणारी माणसे कोण आहेत, आणि ती या वर्गणीशिवाय भेटू शकली असती का? वर्गणी थांबवली तर घरात काय उरेल? ती थांबवणे आपल्या हातात आहे, की खात्यातून आपोआप पैसे जात राहणार आहेत? आणि खेळाचा तास कोणी ठरवायचा? यंत्राची किंमत या चारांत नाही. ती दुकानदार सांगतो.

आम्हांला विचाराल तर डिस्क घालता येईल असे यंत्र घ्यावे. सदस्यत्व वर्षाचे न घेता आधी एका महिन्याचे घ्यावे. तो महिना संपताना मुलाने किंवा मुलीने नावे सांगून दाखवावीत : कोणाकोणाबरोबर खेळलो. त्यात चुलतभावाचे, वर्गमैत्रिणीचे किंवा दूरच्या एखाद्या खऱ्या स्नेह्याचे नाव असेल तर पुढची वर्गणी द्यायला हरकत नाही. एकही नाव सांगता आले नाही, तर तेवढ्याच पैशांत दोन रिमोट आणि शेजारचा मुलगा पुरेल.